रेडिओत होता म्हणूनच गाजला ना?

आमच्या जुन्या गाण्यांच्या बैठकीत मी झांबियाच्या अ‍ॅलिक न्खाताचं गाणं लावलं, की कुणीतरी त्याची माहिती विचारतंच. गायक होता, निवेदक होता, पुढे रेडिओत मोठ्या पदावर गेला, एवढं मी सांगतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे रेडिओत होता म्हणूनच गाजला ना? स्वतःची गाणी स्वतःच लावायची, अडवणार कोण?" तुम्हीही परवा हेच विचारलंत. उभ्याउभ्या उत्तर दिलं की ते वकिली केल्यासारखं वाटतं, म्हणून लिहून काढतोय.

तर, हो. रेडिओत होता म्हणूनच गाजला. फक्त तो रेडिओ कसला होता, हे आधी बघायला हवं.

आजचा झांबिया तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया होता, ब्रिटिशांच्या ताब्यातला. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४१ साली तिथल्या माहिती खात्याच्या हॅरी फ्रँकलिन यांनी लुसाकात एक लहानसं केंद्र सुरू केलं. आघाडीवर गेलेल्या आफ्रिकन सैनिकांच्या घरी युद्धाची खबर पोचावी हा हेतू, आणि सरकारची बाजूही आपोआप पोचावी हा दुसरा. युद्धानंतर ते 'सेंट्रल आफ्रिकन ब्रॉडकास्टिंग स्टेशन' झालं. उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिम्बाब्वे, आणि न्यासालँड म्हणजे आजचा मलावी, या सगळ्या मुलखातल्या आफ्रिकन श्रोत्यांसाठी हे एक केंद्र. कार्यक्रम इंग्रजीत होतेच, शिवाय बेम्बा, न्यांजा, टोंगा, लोझी, शोना, न्डेबेले या भाषांतही होते.

केंद्र होतं, पण ऐकायला घरात संच कुणाकडे होता? खेड्यात वीज नाही आणि संचांच्या किमती गोऱ्यांच्या पगाराला बेतलेल्या. फ्रँकलिन स्वस्त संचासाठी कारखानदारांच्या मागे लागले. बहुतेकांनी त्यांना वाटेला लावलं. शेवटी 'एव्हर रेडी' कंपनी तयार झाली आणि १९४९ साली बॅटरीवर चालणारा एक गोल, निळा, पत्र्याचा संच बाजारात आला. त्याचा पहिला नमुना खरोखरच नऊ इंची पातेल्याची मूठ काढून त्यात बसवला होता, म्हणून त्याचं नावच पडलं 'सॉसपॅन स्पेशल'. किंमत पाच पौंड, बॅटरीचे पंचवीस शिलिंग वेगळे. एक बॅटरी साधारण ३०० तास चाले. खाणकामगारालाही पाच पौंड सहज निघत नसत, तरी लोकांनी घेतले. आणि एका संचाभोवती सगळी वस्ती बसायची, त्यामुळे विकलेल्या संचांवरून श्रोत्यांचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या प्रश्नाजवळ येतो. संच आले, निवेदक आले, पण लावायचं काय? बेम्बा किंवा टोंगा गाण्यांच्या तबकड्या दुकानात मिळाव्यात अशी स्थितीच नव्हती. मी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो. आमच्या मागे तबकड्यांची आणि फितींची कपाटं भरलेली असायची, तरी ऐन वेळी हवं ते सापडायचं नाही. तिथे तर कपाटच रिकामं. मग ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन खेड्यापाड्यांत जायचं, गाणी गोळा करायची, आणि कमी पडलं तर केंद्रातल्या माणसांनीच गायचं. आपल्याकडेही आकाशवाणीत स्टाफ आर्टिस्ट, म्हणजे नोकरीतले कलाकार, असत, तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. स्वतःची गाणी लावून न्खाता दुसऱ्या कुणाची जागा अडवत नव्हता, कारण जागा भरायला माणसंच कमी होती.

हे काम त्याच्याकडे कसं आलं तेही सांगतो. जन्म १९२२चा, उत्तरेकडच्या कासामाचा. वडील टोंगा जमातीचे, आई बेम्बा. शिक्षक होण्याचं शिक्षण झालं आणि मग युद्ध लागलं. पूर्व आफ्रिकेच्या फौजेतून तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याची ही आघाडी मराठा लाइट इन्फंट्रीच्या घरांनाही चांगली माहीत आहे. परतल्यावर ह्यू ट्रेसी या संग्राहकाबरोबर तो लोकगीतं मुद्रित करत हिंडला. ट्रेसींनी आफ्रिकेच्या दक्षिण आणि मध्य भागातलं संगीत जमवण्यात आयुष्य घातलं. माझ्या मते न्खाताची खरी शाळा ही. गिटार त्याच्याआधीही अनेकांच्या हातात होती. पण म्हाताऱ्या बायका कांडताना काय गातात, मुलं काय गातात, हे कान देऊन ऐकणं आणि मग माइकपुढे बसून तेच लाखभर लोकांना समजेल अशा बेताने मांडणं, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला फार क्वचित येतं.

लुसाकात त्याने चौकडी जमवली, पुढे मोठा वाद्यमेळही. सूर बघाल तर चार आवाजांची घट्ट जुळणी, हलकी गिटार, अमेरिकेच्या काउबॉय गाण्यांची थोडी झाक, आणि खाली लोकगीताची चाल. शब्द मात्र त्या काळच्या माणसांचे. कॉपरबेल्टच्या तांब्याच्या खाणींवर गेलेला नवरा, गावाकडे राहिलेली बायको, शहरात मिळालेली आणि हातची गेलेली प्रेमं. किटवे, लुआन्शा, मुफुलिरा या खाणगावांत तेव्हा खेड्यांतून माणसांचे लोंढे येत होते. गिरणगावात चाळीच्या खोलीत कोकणातली चार-पाच माणसं दाटीने राहायची, त्यांच्या गाण्यांशी याचं नातं मला लगेच लागतं. कुणाला ते ओढूनताणून वाटेल, वाटू दे.

या नोकरीची दुसरी बाजू मात्र बैठकीत कुणी विचारत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. खुर्ची नुसती देत नाही, वसूलही करते. १९५३ साली दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड जोडून ब्रिटिशांनी एक फेडरेशन बनवलं. आफ्रिकन लोकांचा त्याला कडाडून विरोध होता, कारण दक्षिणेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हातात आपण जाणार हे त्यांना दिसत होतं. लुसाका केंद्र तर सरकारचं. कालपर्यंत ज्या निवेदकांना लोक घरच्यासारखं मानत होते, त्यांच्याकडेच आता संशयाने बघू लागले. केंद्रातले एक सहकारी पीटर फ्रँकेल यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. साखरेत विष कालवलंय अशा अफवा होत्या. माणसं पळवून त्यांचं रक्त काढणाऱ्यांच्या जुन्या गोष्टींत आता रेडिओवाल्यांची नावं येऊ लागली. ध्वनिमुद्रणाची गाडी दिसली की गाणारे गायला तयार होईनात.

अशा वेळी केंद्रातल्या गायकाने काय करायचं? बातम्या सरकारच्या, शब्द सरकारचे, आणि आवाज मात्र त्याचा, लोकांनी ओळखलेला. वशिल्याचा हिशेब मांडायचा तर हा खर्चही त्यात धरायला हवा. १९५८ साली प्रसारणाचा कारभार दक्षिण ऱ्होडेशियातल्या सॉल्सबरीच्या, म्हणजे आजच्या हरारेच्या, फेडरल महामंडळाकडे गेला आणि लुसाकाचा जुना रंग उतरला. न्खाताचं गाणं तरीही लोकांच्या मनातून गेलं नाही. केवळ खुर्चीमुळे टिकणारं गाणं असतं, तर ते याच पाच-सहा वर्षांत आटोपलं असतं, असं मी म्हणतो.

२४ ऑक्टोबर १९६४ला झांबिया स्वतंत्र झाला. न्खाता नव्या देशाच्या प्रसारण सेवेत वरच्या पदावर पोचला. अधिकारी न्खाताबद्दल मला फारसं कुतूहल नाही. फायलींवर सह्या करणारा गायक ही जात आपण आपल्याकडेही पुष्कळ पाहिली आहे. सत्तरच्या दशकात निवृत्त होऊन तो म्कुशी भागात शेती करू लागला.

शेजारी ऱ्होडेशियात, म्हणजे जुन्या दक्षिण ऱ्होडेशियात, तेव्हा गोऱ्या राजवटीविरुद्ध लढा पेटला होता आणि झांबियाने जोशुआ न्कोमो यांच्या 'झापू' या संघटनेला आसरा दिला होता. तिच्या छावण्यांपैकी एक म्कुशीतही होती. १९७८ साली ऱ्होडेशियाच्या सैन्याने हद्द ओलांडून छावण्यांवर हल्ले केले, त्यात न्खाता मारला गेला. वय छप्पन. ब्रह्मदेशाच्या लढाईतून जिवंत परतलेला माणूस, युद्ध संपून तेहतीस वर्षं झाल्यावर दुसऱ्यांच्या युद्धात गेला. त्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणणारे आहेत. मी तेवढं म्हणणार नाही. पण सरकारी केंद्राचा माणूस एवढं म्हणूनही त्याला मोकळं करता येत नाही.

ऐकायचं कुठून, हाही तुमचा प्रश्न होता. लंडनच्या 'रेट्रोआफ्रिक' या ध्वनिमुद्रिका कंपनीने १९९१ साली त्याच्या पन्नाशीच्या दशकातल्या गाण्यांचा संग्रह काढला. नेटवर त्यातलं बरंच सापडतं. 'शालापो'पासून सुरुवात करा, ते निरोपाचं गाणं आहे. पहिल्या खेपेला गिटारकडे दुर्लक्ष करा आणि मागच्या तीन आवाजांकडे लक्ष द्या. मुख्य आवाज थांबतो तिथे ते काय करतात ते बघा. पुढच्या बैठकीला येताना ते ऐकून या, म्हणजे वाद घालायला मजा येईल.