व्हॅलअ‍ॅरे नेमका कुठला उचलला?

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बेअरिंगच्या टेस्ट बेंचवर आमचा सी प्लस प्लस प्रोग्राम चालतो. कंपनाच्या सेन्सरकडून सेकंदाला २५,६०० नमुने येतात. ८,१९२ चा एकेक गठ्ठा व्हॅलअ‍ॅरेत (सी प्लस प्लसमधला आकडेमोडीचा तयार अ‍ॅरे) भरायचा, विंडोने (गठ्ठ्याच्या कडा हळूहळू शून्याकडे नेणाऱ्या गुणकांनी) गुणायचा, वर्ग करायचे, बेरीज घ्यायची. मशीन लिनक्सचं, कंपायलर इंटेलचा जुना, आता बंद झालेला आयसीपीसी. वेग वाढावा म्हणून 'यूज-इंटेल-ऑप्टिमाइझ्ड-हेडर्स' हा पर्याय लावला. त्याने इन्क्लूडच्या शोधयादीत (कंपायलर हेडर फायली जिथे शोधतो ती यादी) इंटेलच्या खास हेडर्सची डिरेक्टरी येते आणि नेहमीच्या व्हॅलअ‍ॅरेऐवजी आयपीपी या इंटेलच्या वेगवान आकडेमोडीच्या लायब्ररीवर बेतलेला व्हॅलअ‍ॅरे उचलला जातो. सोर्समध्ये एक ओळही बदलावी लागत नाही.

आधी लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडण्याची पायरी) अडलं: 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आणि खाली आयपीपीच्या फंक्शनांची रांग. पर्याय कंपाइलच्या फ्लॅग्जमध्ये होता, लिंकच्या ओळीत नव्हता. तिथेही दिला की लागणाऱ्या लायब्ररी आपोआप जोडल्या जातात.

बिल्ड झाला, एलडीडीत (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणाऱ्या साधनात) आयपीपी दिसली. पण लाइनवरचे इंजिनिअर म्हणाले, "काहीच फरक नाही सर, होतं तेवढंच चालतंय."

खरी गोम मेकमध्ये, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या साधनात होती. मेक फायलींच्या वेळा पाहतं. फ्लॅग बदलला म्हणून जुनी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) शिळी ठरत नाही. नुकत्याच हात लावलेल्या फायलीच नव्या हेडरने कंपाइल झाल्या, बाकीच्या जुन्यावरच राहिल्या. व्हॅलअ‍ॅरेची बेरीज हे टेम्प्लेटचं फंक्शन. असं फंक्शन इनलाइन झालं नाही (बोलावलेल्या जागीच उतरवलं गेलं नाही), तर ते प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये वीक सिम्बॉल (त्याच नावाची दुसरी प्रत चालवून घेणारं नाव) म्हणून उतरतं. एनएम (सिम्बॉलची यादी दाखवणारं साधन) चालवलं की नावाआधी डब्ल्यू दिसतो. एकाच नावाच्या दोन प्रती भेटल्या की लिंकर पहिली ठेवतो, दुसरी टाकून देतो. आमच्या लिंकच्या ओळीत जुन्या ऑब्जेक्ट आधी होत्या, म्हणून नव्या फायलीही जुनीच बेरीज बोलावत होत्या. ना एरर, ना वॉर्निंग. वेगाचं एक वेळ चालेल, पण दोन हेडर्समध्ये व्हॅलअ‍ॅरेची आतली मांडणी वेगळी निघाली तर उत्तरंच चुकतील. म्हणून अशी सरमिसळ एक क्षणही ठेवू नये.

मेक क्लीन करून (जुन्या ऑब्जेक्ट पुसून) सगळं नव्याने बांधलं. सोबत मायनस कॅपिटल एच हा कंपायलरचा पर्याय दिला. कुठल्या पाथवरून कुठलं हेडर आलं ते कंपायलर छापतो. सगळ्या फायलींत व्हॅलअ‍ॅरेचा पाथ एकच आहे ना, ते ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या साधनाने) पाहिलं. कायमचा बंदोबस्त म्हणून फ्लॅग्ज एका छोट्या फाइलमध्ये लिहायचे, बदल झाला तरच ती पुन्हा लिहायची आणि प्रत्येक ऑब्जेक्ट तिच्यावर अवलंबून ठेवायची. एमएमडी या कंपायलरच्या पर्यायाने बनणाऱ्या डिपेंडन्सी फायलींवर इथे विसंबू नका, त्या सिस्टिम हेडर्स गाळतात.

आता मोठ्या गठ्ठ्यांवर फरक स्पष्ट दिसला. ३२-६४ घटकांच्या छोट्या अ‍ॅरेंवर जवळपास नाही. तिथे लायब्ररीला हाक मारण्यातच वेळ जातो. फ्लोटच्या बेरजेत शेवटचे अंक मात्र बदलले. सिम्डमध्ये (एकाच सूचनेत अनेक आकडे हाताळताना) बेरजेचा क्रम बदलतो, राउंडिंगही बदलतं. म्हणून पास-नापासच्या अगदी काठावरचे नमुने दोन्ही बिल्डवर चालवले. एकाही बेअरिंगचा निकाल बदलला नाही, तेव्हाच नवा बिल्ड लाइनवर गेला.