चालवताना नव्हे, उकरताना कंबर जाते

"एकदम सपाट कुरणं आहेत सर. माझ्या आजीलाही घेऊन जाईन." स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटरगाडी, मोटरसायकलसारखी बसून चालवायची) भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या पोराने नकाशावर बोट फिरवत हे सांगितलं आणि मी, वय वर्षं 62, भुललो. हा सगळा वृत्तांत त्या एका वाक्यावरचा राग आहे असं समजून वाचलात तरी चालेल.

ठिकाण वेस्ट यलोस्टोन, मोंटाना. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने पाच तास, रस्ता कोरडा असेल तर. आम्हाला सात लागले. शेवटची खिंड, टार्गी पास, 7,072 फुटांवर आहे आणि तिथे वाऱ्याने बर्फ रस्त्यावर येऊन बसतो. आम्ही तिघं होतो: मी, माझा कॉलेजचा मित्र (वय 64, एक खुबा बदललेला) आणि माझा 29 वर्षांचा भाचा. भाच्याला आणलं ते मौजेसाठी असं त्याला सांगितलं होतं. खरं कारण त्याची पाठ.

माझी यादी आधी देतो, कारण पुढचा सल्ला तिच्यावरच उभा आहे. उजव्या गुडघ्यातली लिगामेंट 1988 साली कबड्डीत तुटली. तेव्हा सांगलीत प्लास्टर घालून मोकळे झाले, शस्त्रक्रिया झालीच नाही. कंबरेत चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली. डावा खांदा दोनदा निखळलेला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात. ट्रेलवरच्या, म्हणजे आखलेल्या वाटेवरच्या, स्नोमोबाइल मी पंधरा-सोळा वर्षं चालवतोय, पण डोंगरातल्या भुसभुशीत बर्फात ही पहिलीच खेप. थंडीचे कपडे कसे घालावेत वगैरे सांगत बसत नाही. तीन जिने चढून धाप लागत असेल तर पुढे वाचू नका, आधी डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट करून घ्या. मी करून गेलो होतो आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो. खांदा वर जात नाही, पण तेवढा जातो.

पहिला दिवस टू टॉपचा. गावाच्या पश्चिमेला, आयडाहोच्या हद्दीवर. मशीनने सारखा केलेला ट्रेल, माथ्यावर बर्फाने लगडून भुतांसारखी उभी झाडं, दूरवर डोंगरच डोंगर. छान. एवढंच लक्षात ठेवा की ट्रेल रात्री सारखा करतात, त्यामुळे सकाळी आठला निघालात तर डांबरी रस्ता, आणि दुपारी परतताना तोच ट्रेल एकाला लागून एक उंचवट्यांचा झालेला असतो. मणक्याचे हाल तिथे होतात. उंचवट्यांवर उभं राहून चालवा, गुडघे सैल सोडा, आणि शनिवार-रविवार टाळा. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लांब शनिवार-रविवार तर टाळाच टाळा.

आता दुसरा दिवस.

वाटाड्यासह ट्रेल सोडून जायची सहल आम्ही घेतली होती. आम्ही तिघं आणि विशी-पंचविशीतले तिघे अनोळखी. इथेच पहिली चूक. तरुणांच्या टोळक्यात स्वतःला घालू नका. पैसे जास्त गेले तरी चालतील, वाटाड्या फक्त तुमच्यासाठी घ्या, आणि फोनवर बोलताना वय आणि दुखणी न लाजता सांगा. मी फोनवर "थोडा अनुभव आहे" एवढंच म्हणालो होतो. पुरुषी खाज, दुसरं काय.

मशीन दिली डोंगराची. हिचा ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा, साध्या मशीनपेक्षा लांब, आमचा 165 इंचांचा होता, आणि त्यावरचे रबरी दात तीन इंचांचे. बर्फावर तरंगायला हे हवंच. पण पुढच्या दोन स्कींमधलं, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांमधलं, अंतर कमी असतं, म्हणजे मशीन मुद्दाम सहज कलंडेल अशी ठेवलेली असते. उतारावर आडवं जाताना तिला डोंगराच्या बाजूला कलंडवून एका कडेवर चालवायचं असतं. पेट्रोल, तेल भरून वजन सव्वादोनशे-अडीचशे किलोंच्या घरात. वर गेल्यावर हवा विरळ होते आणि इंजिन साधारण दर हजार फुटांना तीन टक्के ताकद घालवतं. गावच मुळात साडेसहा हजार फुटांच्या वर आहे. तुमचं स्वतःचं इंजिन किती घालवतं ते तुम्हाला जिन्यावर कळलंच असेल.

कुरणं होती, खोटं नाही बोलणार. पहिला पाऊण तास मी हवेत होतो. ढोपरभर ताजा बर्फ, मशीन होडीसारखी डुलते, मागे पांढरा फवारा, आणि हेल्मेटच्या आत मी एकटाच ओरडतोय. दुखणं-बिखणं काही आठवत नाही. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन का? विचारू नका.

पण त्या कुरणातून पुढच्या कुरणात जायला मध्ये एक उतार लागतो. झाडांमधून, ओढ्याच्या वर, आडवा, जेमतेम चारशे मीटर. दुकानातल्या पोराने याचा उच्चारही केला नव्हता. वाटाड्या म्हणाला, "हे थोडंसं ट्रिकी आहे." तो स्वतः वीस सेकंदांत गेला. मला एक तास दहा मिनिटं लागली.

हे नीट समजून घ्या, कारण दुखण्याचं सगळं गणित इथे आहे. डोंगर डाव्या हाताला असेल तर तुम्ही मशीनच्या डाव्या पायपट्टीवर उभे राहता, हँडल उजवीकडे, म्हणजे उताराकडे वळवता आणि अंगाने मशीन डोंगराकडे ओढून धरता. त्यासाठी उजवा पाय डाव्या पट्टीवर आणायचा आणि डावा बाहेर मोकळा सोडायचा. म्हणजे सगळा भार उजव्या गुडघ्यावर, तोही पीळ पडलेल्या. माझा मोडका गुडघा उजवाच. येताना डोंगर उजव्या हाताला आला, भार डाव्या गुडघ्यावर पडला आणि तोच उतार मी पाच मिनिटांत पार केला. तेव्हा वाटाड्याला सकाळीच विचारा: आडव्या उतारावर डोंगर कुठल्या बाजूला असणार? आणि तुमचा चांगला गुडघा त्याच बाजूचा असेल तर फेरी उलटी करा म्हणा. वाटाडे हसत नाहीत. आमचा म्हणाला, "हे कुणी मला कधी विचारलंच नव्हतं."

जाताना चार वेळा रुतलो. पहिल्यांदा घाबरून वेग कमी केला म्हणून. दुसऱ्यांदा झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत, जिथे फांद्यांखाली बर्फ घट्ट बसलेला नसतो. पाय घातला तो कमरेपर्यंत आत. तिसऱ्यांदा अंगठ्याने दगा दिला. स्नोमोबाइलचा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, तोही सतत कमी-जास्त करत, आणि संधिवाताच्या अंगठ्याला दोन तासांनी कळेनासं होतं की आपण दाबतोय की नुसतेच टेकलोय. चौथ्या वेळी निव्वळ दमलो होतो.

रुतलेली मशीन काढताना कंबर कशी वाचवायची हे मला चौथ्या वेळी कळलं. तुम्हाला पहिल्याच वेळी कळू दे. मागचा बंपर धरून उचलू नका, कधीही नाही. भाच्यालाही उचलू देऊ नका. इंजिन बंद करा, मनगटाची सुरक्षा-दोरी काढा, दोन मिनिटं नुसते बसा. मग फावड्याने पायपट्ट्यांखालचा आणि स्कींच्या पुढचा बर्फ काढा. ट्रॅकच्या पुढे चार-पाच फूट बर्फ पायाने तुडवून घट्ट करा. मशीन उताराच्या बाजूला कलंडवता आली तर वजनच तुमचं काम करतं. स्की उताराकडे वळवा, एकाने स्कीचा पट्टा ओढायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून हळू, अगदी हळू थ्रॉटल द्यायचा. जोरात दिलात तर ट्रॅक स्वतःची कबर खणतो. भाचा चौथ्या वेळी म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त बसा आणि सूचना द्या." तोवर माझी कंबर गेलेली होती.

मित्राचं उलटं. तो बदललेल्या खुब्यासकट एकदाच रुतला, कारण त्याने त्या उताराकडे पाहिलं, मशीन बंद केली आणि म्हणाला, "अरे, मी इथेच बसतो, डबा खातो. तुम्ही या जाऊन." एकट्याला थांबता येत नाही म्हणून वाटाड्याने त्याची मशीन स्वतः पलीकडे नेली आणि त्याला मागे बसवून आणलं. पैसे तेवढेच पडले. मला ही सोय सुचली नाही याचा अजून संताप येतो. मशीन पलीकडे न्यायला सांगण्यात कमीपणा नाही. दिवसाला किती वेळा रुतलो तर परत फिरायचं हा आकडा सकाळीच ठरवा. माझा यापुढचा आकडा तीन.

आणखी काही, जे तिशीतले लोक लिहीत नाहीत. प्रोग्रेसिव्ह चष्मा गॉगलखाली घालू नका. खाली पाहिलं की वाचायच्या भागातून बर्फ दिसतो आणि खड्डा कुठे, सपाटी कुठे हेच कळत नाही; ढगाळ उजेडात तर मुळीच नाही. फक्त लांबचं पाहायचा जुना चष्मा काढा आणि गॉगलची काच पिवळी घ्या. लघवीला दर तासाने जावं लागत असेल तर बिबची, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या बर्फातल्या पँटची, चेन किती खाली येते ते दुकानातच पाहा. भाड्याची होती ती बेंबीपाशी संपत होती. उणे 15 अंशांत काय काय उघडावं लागलं ते सांगत नाही. हातमोज्यांचे तीन जोड न्या, उकरताना पहिला भिजतोच. हँडलला हात गरम ठेवायची तार असते, अंगठ्यालाही असते. अंगठ्याची सुरुवातीपासून पूर्ण चालू ठेवा, गारठल्यावर उपयोग नाही. गुडघ्याचा पट्टा थर्मलच्या आत नको, बाहेर बांधा. आणि चिक्की नेऊ नका. खिशात ती दगड होते. माझी दाढेवरची टोपी तिने काढली. बेसनाचे लाडू आतल्या खिशात ठेवले तर टिकतात.

हिमस्खलनाबद्दल तडजोड नाही. बोझमनचं गॅलॅटिन नॅशनल फॉरेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर रोज सकाळी हिमस्खलनाचा अंदाज देतं, त्यात वेस्ट यलोस्टोनजवळचा लायनहेडचा भाग असतो. तो वाचूनच बुटाची नाडी बांधा. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, मशीनच्या पिशवीत नव्हे, कारण गाडलं जाताना तुम्ही आणि मशीन वेगवेगळ्या दिशांना जाता. तीव्र उतारावर एका वेळी एकच जण. वर कुणी रुतला तर त्याला मदत करायला दुसऱ्याने चढायचं नाही, हे पोरांना दहा वेळा सांगा. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा जगतो, पुढे आशा झपाट्याने ओसरते. आणि इतक्या वेळात खणणारे हात तुमच्या सोबत्यांचेच असणार. माझा निखळणारा खांदा दुसऱ्याला किती वेगाने उकरू शकेल, हा प्रश्न मला त्या ओढ्याच्या वर पडला. तो घरी पडायला हवा होता. वर मोबाइल चालत नाही, सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र जवळ ठेवा. विमा घेताना मोटरवरचे बर्फातले खेळ वगळलेत का आणि जुनी दुखणी धरली आहेत का, ही दोन कलमं वाचा. माझ्या पहिल्या पॉलिसीत दोन्हीकडे नकार होता.

तिसऱ्या दिवशी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापर्यंत, जाऊन-येऊन साठ मैल, ताशी 35 मैलांची मर्यादा, वाफेत उभे गवे. सुंदर. बसून चालवायचं, कंबर दुखते पण चालतं. ज्यांना नुसतं बघायचंय त्यांनी हेच करावं आणि डोंगराकडे फिरकू नये. उद्यानात वाटाड्या लागतोच. स्वतःच्या गटाने जायचं असेल तर आधी सोडतीत नंबर लागावा लागतो.

आता बिल. दुसऱ्या संध्याकाळी मशीन परत केली. बर्फाखालच्या एका बुंध्याला पुढचा डावा ए-आर्म (स्कीला मशीनशी जोडणारा दांडा) लागला होता, वाकला होता, ते मी आपणहून सांगितलं. त्याचे 380 डॉलर मान्य. पण बिलात उजव्या स्कीचे 260 वेगळे, खालून तडा गेलाय म्हणून. उजवी बाजू कशालाच लागली नव्हती. सकाळी त्यांनी मशीनभोवती फिरून फोटो काढायला सांगितलं होतं, मी बारा काढले, सगळे उभ्या उंचीवरून. स्कीचा तळ एकातही नाही. वाकलो असतो तर दिसला असता, पण आदल्या दिवशीच्या उंचवट्यांनी मला सकाळी वाकताच येत नव्हतं, आणि भाचा कॉफी आणायला गेला होता. अर्धा तास वाद घालून 130 वर आलं. पेट्रोल, तेल, कपडे हे सगळं भाड्यावर वेगळं लागलं, पण ते निदान आधी सांगितलं होतं.

म्हणजे मशीन ताब्यात घेताना कॉफी नंतर. भाच्याला आधी बर्फात आडवं झोपवा, फोन त्याच्या हातात द्या, आणि दोन्ही स्कींचे तळ, ए-आर्म, बंपर, ट्रॅकचे दात यांचा सलग व्हिडिओ दुकानदारासमोर काढून घ्या. आजीबद्दल काही सांगू लागला तर व्हिडिओ चालूच ठेवा.