मागच्या अंगणातला विटांचा चुला : आतलं अस्तर बसलं

मंडळी, बाहेरची भिंत उभी झाली आणि आगीचं पोटही बांधून झालं. आता चूल म्हणा, शेगडी म्हणा की बार्बेक्यू, आकार दिसायला लागलाय.

पायाबद्दल आधी सांगतो, कारण आपल्याकडे विदर्भात काळी जमीन आगीपेक्षा जास्त त्रास देते. पावसात फुगते, एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काळी माती अडीच फूट उपसून काढली. गड्ड्यात मुरूम भरला. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मसाने ठोकणं. त्यावर गिट्टीचं काँक्रीट, भिंतीच्या बाहेर चहूकडून अर्धा फूट जास्त. घराच्या भिंतीला चुला मुद्दाम चिकटवला नाही. घर आणि चुला वेगवेगळे बसणार, मग जोडावर तडा ठरलेलाच.

भिंती तीन बाजूंनी, समोरून उघडं. पाठ पश्चिमेला, म्हणजे पावसाची झड आणि उन्हाळ्याचा गरम वारा आत शिरत नाही. कडब्याची गंजी आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) ढीग मात्र दूरच हवा; फेब्रुवारीनंतर एक ठिणगी पुरते.

विटा भट्टीवरच्या लाल. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत वाजतील त्याच घेतल्या, पिवळट-कच्च्या परत. रात्रभर भिजवून मगच लावल्या, नाहीतर कोरडी वीट सिमेंट-रेतीच्या मसाल्यातलं पाणी पिऊन घेते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांमुळे राखेच्या विटा इकडे सहज मिळतात आणि घराच्या भिंतीला चांगल्याही आहेत. पण त्या भाजलेल्या नसतात, सिमेंट किंवा चुन्यावर जमलेल्या असतात. निखाऱ्यासमोर नकोच.

याच मुद्द्यावर मिस्त्रींशी थोडं जुंपलं. ते म्हणाले, "भाऊ, आतूनही सिमेंट लावून टाकू ना, पक्कं होऊन जाईन." मी म्हटलं, "मिस्त्री, बाहेरून लावा, आत नको." चारशे-पाचशे अंशांच्या पुढे सिमेंटचा जोर उतरतो, आणि फुललेला कोळसा त्याच्याही वर जातो. म्हणून आत फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणारी वीट, नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, फायर क्लेच्या (तशाच आग सोसणाऱ्या मातीच्या) पातळ गाऱ्यात. सांधा नाण्याच्या जाडीएवढाच. जाड सांधा आधी फुटतो. तळाच्या विटा तर कशातच बसवल्या नाहीत. खाली विटांचे तुकडे आणि मुरूम, वर रेतीचा थर, त्यावर कोरड्या मांडल्या. एखादी तडकली तर उचलून बदलायची.

आतलं अस्तर आणि बाहेरची भिंत यांच्यात अर्धा इंच जागा आहे. अस्तर तापून फुगलं तरी बाहेरच्या भिंतीला रेटा बसू नये म्हणून. त्या फटीत तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची, राख भरली. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना ती राईस मिलवर मिळेल. उष्णता अडवायला उत्तम.

तयार नकाशांमधली कोळशाची उथळ ताटली मी घेतली नाही. आपलं सरपण वेगळं, खाणंही वेगळं. पऱ्हाटी भडकते आणि बघता बघता विझते, ज्वाळेसाठी ठीक. बाभळीचा निखारा टिकतो, त्यावर कोंबडी. रोडग्यांना, म्हणजे कणकेच्या जाड गोळ्यांना, गोवऱ्यांची मंद, सगळीकडून सारखी आच लागते आणि ते राखेत पुरावे लागतात, म्हणून पोट खोल ठेवलं. जाळीसाठी तीन उंचींवर विटा आत काढल्या आहेत : खालची भरताच्या वांग्यांना, मधली मांसाला, वरची गंज (पातेलं) गरम ठेवायला.

जाळी दहा मिलिमीटरच्या साध्या सळ्यांची करायला टाकली आहे. गॅल्वनाइज्ड कोणी वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याचा धूर वाईट. सळ्या भिंतीत गाडायच्या नाहीत, नुसत्या टेकवायच्या. तापलेलं लोखंड लांबतं आणि वीट ढकलतं.

पुढचं काम : बाहेरच्या भिंतीला आठवडाभर पाणी, मग ती वाळली की मूठभर काड्यांचा जाळ, हळूहळू वाढवत. आतली ओल एकदम तापवली तर अस्तर तडकतं. हुरड्याच्या आधी हे उरकायचं आहे.

डावीकडे 'लांब पोळी'साठी, म्हणजे मटक्यावर भाजायच्या पोळीसाठी, उलटा मटका बसवायचा आहे. बाजारातले मटके एका मापाचे नसतात, त्यामुळे मटका आधी आणणार, मग तोंडाचा घेर ठरवणार. तोवर त्या बाजूचा वरचा रद्दा (विटांचा थर) कोरडाच मांडून ठेवलाय.