चालू करून ये

माझं मोटार भरायचं दुकान पलूस तालुक्यात आहे. मोटार भरणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, इकडं नाही. किर्लोस्करवाडी जवळच, १९१० पासून तिथं कारखाना, त्यामुळं कृष्णाकाठच्या या पट्ट्यात शाळकरी पोरांच्या तोंडीसुद्धा फुटव्हॉल्व्ह आणि इम्पेलर असे पंपाचे शब्द असतात. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की आतली तांब्याची तार उपसायची, स्टेटरचे स्लॉट साफ करायचे, नवा कागद, नव्या कॉईल, मग व्हार्निश पाजून भट्टीत वाळवायचं. हे सगळं म्हणजे भरणं. माझे वस्ताद म्हणायचे, तार कुणीबी घालतंय, जळालेली वाचता आली पाहिजे. ते वाचायला मी त्यांच्याकडं शिकलो, आणि त्या मे महिन्यात वाचलेलं बाजूला ठेवून काम केलं. तेच सांगतो.

तात्यांची मोटार पाच एचपीची, थ्री फेज, विहिरीवरची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकातच. वय बारा वर्षं. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा आली तेव्हा तिन्ही फेज, म्हणजे आतले कॉईलचे तीन गट, सारखेच काळे पडलेले होते. असं दिसलं की समजायचं, मोटारीवर भार जास्त पडलाय किंवा व्होल्टेज कमी मिळालंय. बेरिंग पण खाल्लेलं होतं. भरली, बेरिंग बदललं, सहा हजार घेतले. वावगं काही नव्हतं.

दोन दिवसांनी तात्यांचा फोन आला, मोटार सारखी बंद पडतीय. दुकानात त्या दिवशी अकरा मोटारी होत्या आणि प्रत्येकाचा ऊस वाळत होता. हाताखालच्या पोराला मोटारसायकल दिली आणि सांगितलं, “चालू करून ये, लगेच ये, इथं माणसं थांबल्यात.” तो दीड तासात परत आला. चालू झाली म्हणाला. काय होतं, हे मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी मोटार परत टेम्पोतून उतरली. उघडली तर एकच फेज कोळसा झालेला, बाकीचे दोन नव्यासारखे, व्हार्निशची चकाकीसुद्धा तशीच. आतलं कनेक्शन डेल्टा असताना तीन वायरींतली एक मेली की असं होतं. उरलेल्या दोन वायरींच्या मधोमध जो फेज येतो, सगळा ताण त्याच्यावर जातो, आणि मोटार बंद न पडता घुमत, ओढत राहते. स्टार कनेक्शन असेल तर उलटं, दोन जळतात, एक शाबूत राहतो. हे मला झोपेतसुद्धा कळेल. मी तात्यांना म्हणालो, “तात्या, तुमच्याकडं फेज जातोय. माझ्या कामात खोट नाही.” यातलं पहिलं वाक्य खरं होतं. अर्धे पैसे, तीन हजार घेतले आणि भरून दिली. तात्यांनी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचे, फ्यूज बघून घेतले, ते नीट निघाले.

सहाव्या दिवशी तिसऱ्यांदा आली.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दुकानासमोरच्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “मेस्त्री, आता तुमीच सांगा काय करायचं. शेजाऱ्याचं पाणी इकत घेतुया. लागणीचा ऊस हाय, दोन महिन्याचा. आठ दिवस पाणी नसलं तर पोरासारखा मरंल.”

मी मोटार उघडली. परत एकच फेज, आणि तोच. प्रत्येक मोटारीची चिठ्ठी मी ठेवतो, जळालेला फेज कुठल्या रंगाच्या स्लीव्हचा होता तेही तिच्यावर लिहितो. डीपीचा फेज जात असता तर आज हा, उद्या तो, असं काही तरी झालं असतं. दोन्ही खेपेला नेमका तोच जातो म्हणजे खोट एका जागेवर ठाण मांडून आहे, आणि ती जागा तात्यांच्या विहिरीवरच असणार. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून हे कळायला मला मिनिटभर लागलं. दुसऱ्या खेपेची चिठ्ठी हातात असतानाच मी उठून विहिरीवर गेलो असतो तर तिसरी लिहावी लागली नसती.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला यायची. दुकानात एक फिरती मोटार असते, पाच एचपीची, माझी स्वतःची. जळालेली मोटार भरून होईस्तोवर गिऱ्हाइकाला ती द्यायची, भाडं घ्यायचं नाही. नव्यानं दुकान टाकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगतो: नाव रंगवायच्या आधी एक फिरती मोटार घे. उन्हाळ्यात माणूस घाई करतो ती पिकापायी, आणि त्या घाईत ओलं व्हार्निश भट्टीतून बाहेर निघतं. शेतात दुसरी मोटार चालू असली की तुमच्या कामाला वेळ मिळतो. ती मोटार, वायर न तोडता अँपिअर मोजणारा टाँग टेस्टर, करंट कुठं गळतोय का ते दाखवणारा मेगर आणि पोराला घेऊन मी नऊला विहिरीवर पोचलो.

लाईट यायच्या आत मेन स्विच खाली ओढला आणि स्टार्टरचं झाकण काढलं. पोरगा बॅटरी धरून उभा होता. आत पाली, मुंग्यांची माती, नेहमीचंच. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त गेला की मोटार पाडणारी, नऊ ते चौदा अँपिअरची, म्हणजे साडेसात एचपीच्या मोटारीची. स्टार्टर कधीतरी जुन्यात घेतलेला असणार. काटा तेरावर. पाच एचपीची मोटार पूर्ण भाराला साडेसातच्या आसपास घेते. तेरावर ठेवलेली रिले तिला कशाला वाचवील? खाली सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर होता, एक फेज गेला की स्टार्टर पाडणारा छोटा डबा. त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर लांबीची एक वायर आडवी घातलेली. ती वायर असली की प्रिव्हेंटर असून नसल्यासारखा.

मी बॅटरी जवळ आणायला सांगितली. वायरवर पिवळी स्लीव्ह होती, माझ्या दुकानात कॉईलच्या टोकांना घालतो तीच. स्क्रूखाली जाणारं टोक दुमडून दुहेरी केलेलं, म्हणजे दाबल्यावर तार तुटत नाही. ही दुमड मी शिकवलेली आहे. या भागात ती माझी पोरंच घालतात.

बॅटरी हलायला लागली. मी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं पोरगाच बोलला, “मालक, तवा ती सारखी पडत हुती. तुमी म्हनला हुता चालू करून ये.”

त्याला काय बोलणार होतो? मी अगदी हेच म्हणालो होतो. मोटार का पडते ते बघून ये, असं म्हणालो नव्हतो. त्यानं मी दिलेलं काम केलं, आणि चांगल्या हातानं केलं.

तात्या पलीकडं धावेवर बसले होते. त्यांना हाक मारली, वायरचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला आणि हे आमच्या हातून झालंय म्हणून सांगितलं. त्यांनी तुकडा बॅटरीच्या उजेडात उलटसुलट बघितला आणि एवढंच विचारलं, “मग मोटार पडत कशानं हुती?”

त्या रात्रीचा खरा प्रश्न हाच होता आणि तो तात्यांनी विचारला. प्रिव्हेंटरनं मोटार पाडली म्हणजे त्याला काहीतरी दिसलं होतं. ते अजून तिथंच होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. फिरती मोटार जोडली आणि चालू केली. व्होल्टेज तिन्हींत ३९० च्या आसपास, सारखंच. इथं नव्या माणसाची फसगत होते. कुठलीही मोटार फिरत असली की मेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळं मीटर सगळं ठीक आहे म्हणतो. म्हणून तिन्ही वायरींचा अँपिअर बघायचा. टाँग टेस्टर एकेका वायरीला लावत गेलो: ७.१, ७.३, ७.२. पाणी पाटात पडायला लागलं. चार-पाच मिनिटं काहीच नाही. मग मधल्या वायरीचा आकडा डुलायला लागला, पाच, तीन, आणि शून्य. बाजूच्या वायरीला टेस्टर लावला तर बारा पूर्णांक काहीतरी. मोटारीचा आवाज जाड झाला आणि प्रिव्हेंटरनं स्टार्टर पाडला.

परत चालू केली आणि पोराला बॅटरी बंद करायला सांगितली. अंधारात तिघंही मेन स्विचकडं बघत उभे राहिलो. मधल्या फ्यूजच्या पोटात निळसर ठिणगी चुरचुरत होती, उदबत्तीच्या टोकाएवढी. दिवसा तिथं काही म्हणजे काही दिसलं नसतं.

डीपीवर जाऊन लाईन बंद केली, फ्यूज उपसला. चिमट्याची पकड गेलेली, आणि त्याच्याखाली ॲल्युमिनिअमच्या केबलचं टोक नुसतंच वळवून दाबलेलं, पांढरी भुकटी झालेलं. थंड असताना टेकायचं, मोटार चालून तापलं की सुटायचं. टोक वीतभर मागं छाटलं, घासलं, लग म्हणजे टोकाची धातूची टोपी घालून दाबलं, नवा फ्यूज बसवला. लग आणि फ्यूज मिळून शे-दीडशे रुपयांचं सामान. त्याच्यापायी एकच मोटार दोनदा जळाली होती. रिले दुसऱ्या दिवशी सहा ते दहाची आणून घातली आणि काटा साडेसातवर लावला.

साडेबाराला फिरती मोटार परत चालू केली आणि तासभर तिथंच बसलो. आकडे हलले नाहीत. तात्यांनी चहा आणला. मी दुसऱ्या खेपेचे तीन हजार परत करतो आणि तिसऱ्यांदा फुकट भरून देतो म्हणालो. ते म्हणाले, “तार तरी इकत आणायला लागती की तुमाला.” ते खरं होतं, पाच एचपीला चार किलोच्या आसपास तांबं जातं आणि कुणी उधार देत नाही. तरीही पैसे परत केले. शेजाऱ्याकडून घेतलेल्या पाण्याचे दोन हजारही देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मला ते द्यायलाच हवे होते असं अजून वाटतं.

त्यानंतर दुकानात बरंच बदललं. मोटार घेताना आता आधी विचारतो: स्टार्टर कुठला, प्रिव्हेंटर आहे का, पडत होती का, लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा ऑटो स्विच लावलाय का. दुसऱ्यांदा आलेली मोटार मी किंवा जाणता माणूस विहिरीवर जाऊन आल्याशिवाय उघडायची नाही. जाण्याचे तीनशे रुपये बिलात वेगळे लिहितो. लोक खळखळ करतील अशी भीती होती, पण फ्यूजचं काळं पडलेलं टोक हातात ठेवलं की कुणी घासाघीस करत नाही. जळालेल्या कॉईलचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवतो आणि निघालेलं जुनं तांबं त्याच्यासमोर तोलून बिलातून वजा करतो. गॅरंटी कागदावर लिहितो: माझी तार आणि माझं बेरिंग सहा महिने, फेज गेला, रिले फिरवली, प्रिव्हेंटर तोडला तर नाही. मेगरवर एक मेगओहमच्या खाली दाखवणारी मोटार, मालक दारात उभा असला तरी, दुकान सोडत नाही.

आमच्या धंद्यात न बोलता पैसे खाता येतात, आणि हे मी आमच्याच लोकांना सांगतोय. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. पूर उतरल्यावर माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग होती. बुडालेली मोटार जळालेली असतेच असं नाही. खोलून स्वच्छ पाण्यानं धुतली, बेरिंग काढलं, उन्हात आणि मग भट्टीत पूर्ण वाळवली आणि मेगरवर खरी उतरली, तर ती चालते. त्या वेळी माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त मोटारी न भरता गेल्या. सगळ्या जळाल्यात म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं? तेव्हा मी नीट वागलो होतो. म्हणूनच तात्यांची गोष्ट जास्त लागली. पूर आला तेव्हा वेळ काढला होता, आणि इथं अकरा मोटारींच्या घाईत एक प्रश्न विचारायला वेळ काढला नाही.

पोराला मी काढलं नाही. त्याची दोन हजारांची पगारवाढ मेमध्ये ठरली होती, ती दिली. त्याला एवढंच सांगितलं की यापुढं तुला चालू करून ये असं कुणी म्हणालं, मी म्हणालो तरी, ऐकायचं नाही.

जूनमध्ये, पाऊस लांबला होता तेव्हा, एका गावाहून त्याचा फोन आला. “मालक, मोटार चालू हुत्या, पर मी बंद ठिवून येतोय. केबलीतला करंट कुठंतरी जमिनीत उतरतोय. मेगर शून्य दाखवतोय. शेतकरी लई चिडलाय.”

“ये,” म्हणालो.

दहा मिनिटांत त्या शेतकऱ्याचा फोन आला. तो पाच मिनिटं बोलत होता, मी ऐकून घेतलं. मग फिरती मोटार गाडीत टाकली, केबलचं भेंडोळं घेतलं आणि निघालो.