उशाशी पिस्तूल

आज इथे अमेरिकेत ऑफिसमधल्या एकाला घर शिफ्ट करायला मदत करत होतो, तर पलंगाशेजारी बोट लावलं की उघडणारी छोटी तिजोरी आणि आत पिस्तूल. कधी वापरलंस का विचारलं तर म्हणे छे, पण रात्री कोणी घुसलं तर? शेजाऱ्याकडे आहे म्हणून याच्याकडे, याच्याकडे आहे म्हणून शेजाऱ्याकडे, असलं सगळं. प्यू रिसर्चच्या 2023 च्या सर्व्हेत 72 टक्के गनवाल्यांनी संरक्षण हेच मोठं कारण सांगितलंय. आणि इकडे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या, म्हणजे चोर येवो न येवो, धोका घरातल्यालाच जास्त. बायको ऐकून म्हणते, आपणही घ्यायची का? आता बोला!