तुम्ही विचारलंत म्हणून: "म्हणजे तू आता ख्रिश्चन झालीस का?"

बॉस्टनकडच्या मराठी मंडळात हा प्रश्न हमखास येतो. मी रविवारी युनिटेरियन चर्चला जाते हे कळलं की काकू मंडळी आधी गप्प होतात, मग हळूच विचारतात. नाही हो काकू, तिथे धर्म बदल असं कुणी म्हणतच नाही. बाप्तिस्मा नाही, अमुक मानते अशी शपथ नाही, सभासद व्हायचं तर एका वहीत सही करायची, झालं. माझ्या बाकावर एक पक्के नास्तिक आजोबा बसतात. आणि आमच्या घरी गणपती बसतोच.

पण हे आधीपासून असं नव्हतं. सुरुवातीचे युनिटेरियन पक्के बायबलवाले, त्यांचं म्हणणं एवढंच की देव एक आहे, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य बायबलात कुठे लिहिलंय ते दाखवा. असंच काहीतरी लिहिलं म्हणून मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश डॉक्टरला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं, आणि तेही कॅथलिकांनी नाही, कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या गावाने.

माझा लाडका माणूस मात्र ट्रान्सिल्व्हेनियाचा फेरेन्स डेव्हिड (हो, ड्रॅक्युलावालाच प्रांत, आता रोमानियात). आधी कॅथलिक, मग लुथरन, मग कॅल्विनवाला, शेवटी युनिटेरियन, आणि दर वेळी जे पटलं ते उघड बोलला. राजा जॉन सिगिसमंडलाही त्याचं पटलं. १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेत ठराव झाला की श्रद्धा ही देवाची देणगी, गावाला पटेल तो उपदेशक गावाने ठेवावा, जबरदस्ती नको. १५६८ मध्ये! (तिथल्या ऑर्थोडॉक्स रोमानियन लोकांना यात बरोबरीचं स्थान नव्हतं, हेही सांगायला हवं.) १५७१ ला राजा गेला, नंतर कायदा आला की धर्मात आता आणखी नवीन काही काढायचं नाही, आणि डेव्हिड कसला ऐकतोय, तो म्हणाला की प्रार्थना फक्त देवाची करा, येशूची नको. १५७९ मध्ये कैदेतच मेला. त्याचं चर्च आजही तिथे आहे, हंगेरियन भाषेत चालतं.

इंग्लंडमध्ये ऑक्सिजनवाला जोसेफ प्रीस्टली हा याच पंथाचा पाद्री, १७९१ ला बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचं घर जाळलं आणि पुढे तो अमेरिकेत आला. कलकत्त्यात तर उलटीच गंमत, विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉयांबरोबर काम करता करता स्वतःच युनिटेरियन झाला!

आणि आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे? १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांचंच. परत येऊन मुंबईत प्रार्थना समाजाचं काम केलं, १९०६ ला अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्यांना कुणी विचारलं असेल का ख्रिश्चन झालात का म्हणून? विचारलंच असणार म्हणा.

तक्रारी माझ्याही आहेत. १९६१ ला इथले युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट (देव शेवटी सगळ्यांनाच तारतो असं मानणारे) एकत्र आले, आता सगळ्यांना सगळं चालतं, आणि कधीकधी प्रवचन म्हणजे पेपरातला अग्रलेख वाटतो, देवाचं नाव घ्यायलाही लोक बिचकतात. मला भजन लागतं हो थोडं. ते मी शनिवारी मंडळात करून घेते.