डायरी जिथे थांबते

सोमवार, रात्री

हॅना सेनेश, दुसऱ्या महायुद्धात गुप्त मोहिमेवर हंगेरीत गेलेली ज्यू तरुणी. तिच्या डायरीतली ८ जानेवारी १९४३ची नोंद आज पुन्हा वाचली. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, सिझेरियाच्या जुन्या अवशेषांजवळ सदोत याम नावाची सामुदायिक वस्ती आहे, किबुत्झ म्हणतात तशी. तिथे ती राहते. वय एकवीस. वाट्याला आलेलं काम धुलाईचं आणि स्वयंपाकघरातलं. आणि त्या दिवशी ती लिहिते की हंगेरीला परत जायला हवं, हा विचार एकाएकी मनात शिरलाय आणि हटायला तयार नाही. तिकडच्या तरुण मुलांना बाहेर पडायला मदत करायची, आणि आईलाही घेऊन यायचं.

तेव्हा तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. अशी काही मोहीम निघणार आहे, हेही तिच्या कानावर नव्हतं. फेब्रुवारीत पाल्माख या पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या सशस्त्र दलाचा एक तरुण वस्तीवर येतो, तोही मूळचा हंगेरीचाच, आणि सांगतो की युरोपात पाठवायला एक तुकडी उभी राहतेय. ही चकितच होते. आपल्या मनात चाललं होतं तेच हा माणूस बोलतोय!

गुप्तहेर म्हटलं की कोणीतरी वरिष्ठ माणसं हेरतो, पारखतो, तयार करतो, असंच आपल्याला वाटतं. इथे निवड आधी वहीत झाली होती. माणसं नंतर आली. मला ही डायरी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती यासाठी. निर्णय पिकताना दिसतो असं लिखाण फार थोडं असतं. एरवी सगळं झाल्यावर माणसं आठवणी लिहितात, आणि तेव्हा जो तो पहिल्यापासूनच ठाम असतो.

मंगळवार

आज सुरुवातीची पानं. वही सुरू होते सप्टेंबर १९३४मध्ये, बुडापेस्टला. मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला अनिको म्हणतात. पहिलीच नोंद वडिलांच्या कबरीला भेट दिल्याची. वडील बेला सेनेश पत्रकार आणि नाटककार, ही सहा वर्षांची असताना गेले. घरात आई कातालिन आणि वर्षभरानं मोठा भाऊ.

पुढची कितीतरी पानं नाच, कपडे, शाळा, शिकवण्या आणि आपण लेखिका होऊ का ही धाकधूक यांनी भरलेली आहेत. हेर वगैरे कुठेच नाही. आहे ती हुशार, थोडी मानी, स्वतःला सारखी तपासत राहणारी मुलगी.

शाळा प्रोटेस्टंट मुलींची. कॅथलिक मुलींना दुप्पट फी, ज्यू मुलींना तिप्पट. आई जाऊन भांडली तेव्हा इतक्या हुशार मुलीसाठी म्हणून फी कॅथलिकांइतकी करून मिळाली. म्हणजे सवलत मिळाली ती दुपटीची! १९३७ साली वर्गानं तिला वाङ्मय मंडळाच्या पदावर निवडून दिलं, आणि मग वरून सांगण्यात आलं की पदाधिकारी प्रोटेस्टंटच हवी. पुन्हा निवडणूक घेतली. तिचं म्हणणं साधं होतं. निवडूनच दिलं नसतं तर काही वाटलं नसतं, पण निवडून देऊन मग उतरवणं हा अपमान आहे.

हे वाचताना मला आपल्याकडच्या वर्गांमधल्या कितीतरी गोष्टी आठवतात. पाण्याचा वेगळा माठ, शेवटचा बाक. ज्यांनी ते भोगलं त्यांना या मुलीचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर वर्षभरात, १९३८ साली, हंगेरीत पहिला ज्यूविरोधी कायदा झाला. अनेक व्यवसायांमधलं ज्यूंचं प्रमाण वीस टक्क्यांवर बांधून टाकलं. ऑक्टोबर १९३८मध्ये ती वहीत लिहिते की मी झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मायभूमी हवी असं मानणारी, झालेय. मग हिब्रू शिकायला लागते. सप्टेंबर १९३९मध्ये, युद्धाला नुकतंच तोंड फुटलं असताना, एकटी पॅलेस्टाइनला पोचते.

इथे मनात येतं ते लिहूनच ठेवते. ती ज्या भूमीवर गेली तिथे आधीपासून अरब राहत होते, आणि त्या प्रश्नानं पुढे किती माणसं उद्ध्वस्त केली, आजही करतोय. वाचताना मी ते विसरू शकत नाही. पण अठराव्या वर्षी आपल्याच देशात परकी ठरलेली ही मुलगी जीव मुठीत धरून कुठे जाणार होती, हेही विसरता येत नाही. दोन्ही सोबत घेऊनच वाचायचं.

बुधवार

नहलाल. गोल चाकासारखी आखलेली शेतकऱ्यांची वस्ती, १९२१ साली वसलेली. हॅनाचा जन्मही १९२१चाच, १७ जुलैचा. तिथल्या मुलींच्या शेतीशाळेत ती दोन वर्षं काढते. नाटककाराची मुलगी कोंबड्यांची खुराडी साफ करते, आणि रोजनिशीही आता हिब्रूत लिहायला लागते. दोन वर्षांनी सदोत याम, आणि तिथे पुन्हा धुणी.

ही पानं घाईनं उलटली जातात. खरं तर मला तीच सगळ्यात मोलाची वाटतात. आपल्यातलं काहीतरी इथे वाया जातंय का, की असं वाटणं हाच अहंकार, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. आई बुडापेस्टला एकटी. पत्रं येतात, न येतात. जानेवारी १९४३ची ती नोंद काही आभाळातून पडलेली नाही. कपड्यांच्या ढिगाशी उभं राहून काढलेल्या महिन्यांतून ती आलीय.

शुक्रवार, उशिरा

आज तो भाग, जिथे वही संपते.

मे १९४३मध्ये ती लिहिते की डोक्यात आता निघण्याशिवाय दुसरं काहीच नाही. मग नोंदी विरळ होत जातात. जानेवारी १९४४मध्ये आपण सैनिक झाल्याचं आणि इजिप्तला निघाल्याचं. आणि बस.

पुढे जे झालं त्यामुळे जग तिला ओळखतं, आणि त्याचा एक शब्दही या वहीत नाही. असणारच नाही. शत्रूच्या मुलखात जाणारा माणूस रोजनिशी ठेवत नाही. सापडली तर आपल्यासकट दहा जण जातात. या मोहिमेत ब्रिटिशही होते, आणि त्यांच्या गुप्त खात्यात सांकेतिक संदेशाची किल्ली बऱ्याचदा एखादी कविता असायची, कागदावर नाही, पाठ केलेली. दहा वर्षं सगळं कागदावर उतरवत आलेल्या मुलीला आता काहीच न लिहिण्याचं शिक्षण घ्यावं लागलं, हे मला फार लागतं.

लपवणंही तेव्हाच सुरू झालं. निघण्याच्या जरा आधी भाऊ पॅलेस्टाइनला येऊन पोचला. कित्येक वर्षांनी भेट, तीही धावती. कुठे जातेय ते ती त्याला सांगू शकली नाही.

या मोहिमेची गंमत, गंमत कसली, ताण असा की काम दोन मालकांचं होतं. ब्रिटिशांना पाडलेल्या विमानांमधले वैमानिक सुखरूप परत हवे होते आणि बातम्या हव्या होत्या. या तरुणांना आपली माणसं वाचवायची होती. मार्च १९४४च्या मध्यावर ती युगोस्लाव्हियात पॅराशूटनं उतरली. लगेचच, १९ मार्चला, जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. बातमी कळली तेव्हा ती रडली, असं तिच्या सोबत्यानं पुढे सांगितलं. सुमारे तीन महिने तिकडच्या पार्टिझान लढवय्यांबरोबर डोंगराजंगलांतून काढले. मग ९ जूनच्या सुमारास तिनं सरहद्द ओलांडली. त्याच आठवड्यांत, १५ मे ते ९ जुलै या काळात, हंगेरीतल्या सुमारे ४,३७,००० ज्यूंना गाड्यांमध्ये कोंबून पाठवलं जात होतं, बहुतेकांना ऑशवित्झच्या मृत्युछावणीत. सोबत्यांचं म्हणणं होतं की आता जाणं म्हणजे मरण. ती गेली, आणि जवळजवळ लगेच पकडली गेली. वायरलेसचं साहित्य पोलिसांच्या हाती लागलं होतं.

उषा मेहतांची आठवण होते इथे. १९४२च्या चळवळीत मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या. जागा बदलत बदलत प्रक्षेपण, नोव्हेंबर १९४२मध्ये गिरगावात छापा, मग महिनोन्महिने चौकशी आणि एकाही प्रश्नाला उत्तर नाही. पुढे येरवडा, १९४६पर्यंत. हॅनाहून जेमतेम वर्षभरानं मोठ्या. एकीला ब्रिटिशांनी ट्रान्समीटर चालवायला शिकवलं, दुसरीला ट्रान्समीटर चालवला म्हणून ब्रिटिशांनीच तुरुंगात टाकलं. त्या काळाचा इतिहास एका बाजूनं सांगताच येत नाही, हे या दोघी शेजारी ठेवल्या की मला पटतं. आणि चौकशीच्या खोलीत दोघींनी केलं ते एकच: तोंड उघडलं नाही.

रविवार

वही जिथे थांबते तिथून पुढे आईनं सांगितलेलं वाचायचं.

१७ जून १९४४. कातालिनला बुडापेस्टमधल्या लष्करी कचेरीत बोलावून घेतात. मुलगी कुठे आहे, विचारतात. ती खात्रीनं सांगते की पॅलेस्टाइनला, शेतावर. तिच्या लेखी तसंच होतं. आणि दार उघडतं, चार जण एका मुलीला धरून आत आणतात. विस्कटलेले केस, सुजलेला चेहरा, डोळ्यांभोवती काळंनिळं, पुढचा दात पडलेला. आईला ओळखायलाही क्षण लागतो. मुलगी मिठी मारते आणि क्षमा मागते. वायरलेसची किल्ली दे, नाहीतर आईला इथेच मारू, अशी धमकी. किल्ली तिनं दिली नाही.

मी स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिलं, आणि आईच्याही. मला जमलं नसतं, एवढंच लिहू शकते. १९४३च्या त्या नोंदीत आईला सोडवून आणायचं होतं, आणि झालं काय, तर तिच्यामुळे आईही तुरुंगात.

काही महिने दोघी एकाच तुरुंगात होत्या. हॅना कागदाची मोठमोठी अक्षरं कापून खिडकीत एकामागून एक धरायची, समोरच्या कोठड्यांमधल्या बायका ती जुळवून वाचायच्या. बाहेरच्या बातम्या अशा पोचायच्या. मुलांसाठी कागदाच्या बाहुल्या करायची. वही नाही तर नाही, तिनं लिहायचं काही सोडलं नाही!

आई सप्टेंबरच्या अखेरीस सुटली. २८ ऑक्टोबरला हॅनावर देशद्रोहाचा खटला चालला, निकाल पुढे ढकलला. ७ नोव्हेंबरला तिला दयेचा अर्ज करायचा का विचारलं. तिनं नकार दिला. डोळ्यांवर पट्टीही बांधू दिली नाही. त्याच सकाळी कातालिन भेटीची परवानगी मागायला तिथेच आली होती. शिक्षा झालीय आणि अमलातही आलीय, असं तिला सांगण्यात आलं. निकाल असा जाहीर झालाच नव्हता. हॅना तेवीस वर्षांची होती. पॅलेस्टाइनहून पाठवलेल्या तीस-पस्तीस जणांपैकी सात जण परत आले नाहीत.

१९५० साली तिच्या अस्थी जेरुसलेमला नेल्या. हंगेरीतल्या न्यायालयानं तिला निर्दोष ठरवलं ते १९९३मध्ये. कातालिन १९९२ साली गेली होती. तो कागद तिच्या हाती पडायला हवा होता. माझा सगळ्यात जास्त राग त्या एका वर्षावर आहे.

भाचीनं ॲन फ्रँकची डायरी नुकतीच वाचून संपवलीय, मावशी आता काय वाचू म्हणून मागे लागलीय. हीच देणार आहे. पण तिला सांगणार की पॅराशूट शोधत शेवटाकडे पळू नकोस. फी तिप्पट होती तिथे थांब, खुराड्यांपाशी थांब, धुणं धुताना ती काय विचार करत होती ते नीट वाच. पॅराशूट त्यात नाहीच.